प्रतिकृतीत लिफ्ट बंद पडत नाही

शाळेच्या व्यायामशाळेत चार टेबलं जोडून
त्यांनी आमची वस्ती मांडली आहे :
फोमच्या इमारती, काडेपेटीएवढ्या,
स्पंजची झाडं,
टाचणीएवढी माणसं, चेहरे नसलेली.
लिओंपासून बसने चाळीस मिनिटं, शेवटचा थांबा.
इतकी इस्त्रीची माणसं इथे एकदम
कधी उतरली नव्हती.

प्रत्येकाला तीन ठिपके. चिकटणारे.
हिरवा म्हणजे आवडलं, लाल म्हणजे नाही.
पिवळा म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं.

मी इथली केअरटेकर. बावीस वर्षं.
कमरेला एकशे चाळीस दारांच्या किल्ल्या.
कुणाचा खोकला कुठल्या पाइपातून खाली येतो,
कुणाचं भाडं कुणी गुपचूप भरलं,
कचऱ्याच्या खोलीत कोण रडायला जातं,
हे सगळं मला ठाऊक.
मला विचारलं : गॅलरीच्या कठड्याला रंग कोणता?
राखाडी की फिकट राखाडी?

वरातीमागून घोडं,
आणि घोड्याला विचारताय, झूल कोणती घालू.

वार्दिया हात वर करून उभी राहिली,
शाळेत करतात तशी.
म्हणाली, बाक उचलून तुम्ही झाडाखाली नेलात.
सावली छान आहे. पण तिथून
सत्तावीस नंबरच्या ड्रायव्हरला मी दिसणार नाही.
मी दिसले की तो थांबतो.
माझे गुडघे त्याला माहीत आहेत.

कुणीतरी हसलं. कुणीतरी लिहून घेतलं.
लिहून घेणाऱ्याचं पेन सुंदर होतं.

मग आर्मिंदू वाकला.
प्रतिकृतीवर बोट ठेवून मजले मोजत गेला,
अ झाली, ब झाली,
आणि बोट हिरवळीवर येऊन थांबलं.
"क कुठंय?"
आर्किटेक्ट सोलेन, वय असेल तीस,
पाण्याची बाटली उघडली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं.
"तो दुसरा टप्पा आहे," म्हणाली.
एकोणसत्तर साली, विसाव्या वर्षी, गावाहून आल्या आल्या
ज्या इमारतीचं काँक्रीट त्याने ओतलं
आणि पुढे जिच्यात तीन मुली वाढवल्या,
तिला आता टप्पा म्हणतात.

त्याने पिवळा ठिपका काढला
आणि हिरवळीच्या मधोमध चिकटवला.
"इथे मी राहतो."

मग बाकीचे उठले. एकेक करून.
आवाज काहीच नाही, फक्त
कागदावरून ठिपका सुटताना होतो तेवढा.
हिरवळ पिवळी पडली,
ऑगस्टात इथली खरी पडते तशी.

पुढच्या गुरुवारी सोलेन एकटीच आली.
टेबल नाही, पडदा नाही, साधे बूट.
लिफ्ट बंद होती. (मी बंद केली नव्हती. शपथ.)
वार्दियाच्या मागे नऊ मजले चढली.
चौथ्या मजल्यावर जिन्यात एक खुर्ची आहे,
कुणीच आणलेली नाही, कुणीच हलवत नाही.
जगात खुर्चीवरून एवढी भांडणं,
हिच्यावर बसलेलं माणूस
दुसरं कुणी आलं की आपणच उठतं.
सोलेन बसली. धाप ओसरेपर्यंत बोलली नाही.
मग टेप काढून तिने
खुर्चीची रुंदी मोजली.

नव्या नकाशात प्रत्येक जिन्यात
एक बारीक चौकोन आहे.
बाक परत थांब्यापाशी.
गवतातली आमची वाकडी पायवाट
वाकडीच आखली आहे, डॉक्टरच्या दारापर्यंत.

क मात्र पडणार. मार्चात.
ठिपक्यांनी भिंत थांबत नाही.

शेवटच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले,
आणखी कुणाची काही सूचना?
मागून आर्मिंदू उठला, टोपी हातात.
"पश्चिमेच्या कोपऱ्यात सळई जास्त आहे.
मुकादम नको म्हणत होता, आम्ही घातली.
मशीन चालवणाऱ्या पोराला सांगा,
तिथून सुरुवात करू नकोस म्हणावं,
लागेल त्याला."
आणि पेनवाल्याकडे बघत राहिला,
तो लिहीपर्यंत.